चित्रातला आखाडा

मराठी शाळेतल्या कुठल्याही मुलाला कागद आणि रंगपेटी द्या आणि निसर्गचित्र काढायला सांगा. दहा मिनिटांत दोन टोकदार डोंगर उभे राहतात. त्यांच्या खोबणीत किरणांचा सूर्य बसतो, तिथूनच नागमोडी नदी निघते, नदीकाठी लाल कौलांचं घर येतं, घराला टेकून वाकडा नारळ आणि आभाळात ४ च्या आकड्यासारखे पक्षी. रत्नागिरीच्या मुलाने हे काढलं तर निदान घर आणि नारळ त्याच्या ओळखीचे असतात. भैंशाचं मूलही हेच काढतं, ही गंमत आहे. भैंशाला नारळ दिसतो तो देवळात, फोडायला आणलेला. डोंगर म्हणावे तर लांबवर बुटक्या टेकड्यांची निळसर कड आहे. लाल मंगलोरी कौलांचं, दोन पाखी उतरतं घर शिवारात शोधूनच काढावं लागेल. शाळेच्या खिडकीबाहेर सपाट काळी जमीन असते, कपाशीच्या ओळी असतात आणि त्या ओळी जिथे संपतात तिथे लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचा आखाडा असतो. तो कागदावर येत नाही. निसर्ग म्हणजे जे आपल्याकडे नाही ते, असं त्या मुलाला कुणीतरी न बोलता शिकवलेलं असतं.

शेतातल्या घराचं चित्र समोर आलं तर ते कसं पाहावं, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. विषय दिसतो तेवढा सोपा नाही. ‘छान आहे’ म्हणून पुढे सरकण्याची सोय ज्या चित्रांत सगळ्यांत जास्त, ती हीच. दिवाणखान्यात, दवाखान्यात, बँकेच्या कॅलेंडरवर अशी घरं इतकी टांगलेली असतात की माणूस त्यांच्याकडे पाहणंच सोडून देतो. म्हणून सुरुवात चित्रापासून न करता घरापासून केलेली बरी.

भैंसा आज तेलंगणच्या निर्मल जिल्ह्यात आहे. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं आणि १९५६ पर्यंत नांदेडमध्ये. राज्य पुनर्रचनेत मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळं नांदेडमधून निघून तिकडे गेली, आणि आदिलाबादचं किनवट इकडे आलं. कागदावरची रेघ हलली, माती जागच्या जागी राहिली. सुद्धावागूच्या दोन्ही काठांना तीच काळी जमीन, तीच कपाशी, तूर, सोयाबीन. बाजारात मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तीन भाषांत एकाच कापसाचा भाव होतो. नदीच्या नावातला ‘वागू’ म्हणजे तेलुगूतला ओढा, पण मराठी माणूस तो शब्द परका समजत नाही.

आखाडा म्हटलं की कोल्हापूरच्या वाचकाला कुस्ती आठवेल. नांदेड, परभणी, हिंगोलीकडे मात्र ‘तो आखाड्यावर आहे’ याचा अर्थ तो शेतातल्या वस्तीवर आहे, आणि भैंशाची मराठी याच मुशीतली. जनावरांचा तो कोठा. तेलुगू शेजारी त्यालाच ‘कोट्टम’ म्हणतो. आखाडा कुणी वास्तुविशारदाकडून आखून घेत नाही. गरज पडेल तसा तो वाढतो. आधी लिंबाखाली एक बाज येते. मग बाजेवर चार मेढींचं छप्पर, मग वाऱ्याच्या बाजूला तुराट्यांचा कूड, त्याला शेण-मातीचा लेप. एखाद्या वर्षी कापसाला भाव लागला की वर पत्रे चढतात आणि पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड, जुना टायर, मोडका वखर. भिंतीला मोटारीच्या स्टार्टरचा डबा, खुंटीला दोर आणि विळा, कोपऱ्यात फवारणीचा पंप. बाहेर कडब्याची गंजी, पऱ्हाट्यांचा भारा, पाण्याचा रांजण आणि त्याच्या गळतीवर उगवलेली हिरवळीची एक चकती. मे महिन्यात सगळ्या शिवारात हिरवी असते ती तेवढीच.

चित्रकाराचा खरा ऐवज हा आहे. आणि रंगांचं म्हणाल तर काळी जमीन काळी नसतेच. जूनच्या पहिल्या पावसानंतर ती जांभळट होते, ओल धरली की तेलकट चमकते, मार्चनंतर राखाडी पडत जाते आणि मेमध्ये भेगांची जाळी धरून जवळजवळ पांढुरकी दिसते. काळ्या जमिनीसाठी ज्याने नळीतला काळा रंग वापरला त्याने ती पाहिली नाही, असं बेलाशक समजावं.

आता हा आखाडा मराठी चित्रांत का नाही, याचं उत्तर निसर्गाच्या सौंदर्यात न शोधता इतिहासात शोधावं लागतं. मुंबईत १८५७ साली जमशेटजी जिजीभॉय कलाशाळा सुरू झाली आणि उघड्यावर बसून समोरचा देखावा रंगवण्याची इंग्रजी रीत तिथून मराठी हातांत आली. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, प्रदर्शनं भरू लागली, पदकं मिळू लागली. शिकायला येणारे विद्यार्थी कोकणातले, गोव्याचे, कोल्हापूरचे. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, गोव्याचे त्रिंदाद, कोल्हापूरचे आबालाल रहिमान. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांत जे भरलं होतं ते रंगवलं. आबालाल तर कोल्हापूरला परतून कोटीतीर्थाच्या काठी राहिले आणि तलाव, घाट, झाडी, पाण्यावरचा उजेड यांतच रमले. १९३१ साली ते गेले तेव्हा कोल्हापूरच्या पुढच्या दोन पिढ्यांना निसर्ग कसा पाहावा याचं वळण मिळून गेलं होतं. अभिनेते चंद्रकांत मांडरे याच वळणाचे. पडद्यावरची कामं आटोपून ते पावडर शेडिंगमध्ये निसर्गचित्रं करत बसत. त्यांचा राजारामपुरीतला बंगला आज संग्रहालय आहे.

या काळात भैंसा, नांदेड, परभणी निजामाच्या राज्यात होती. मुंबईची कलाशाळा म्हणजे परमुलखातली गोष्ट. निजाम सरकारने चित्रांवर पैसा खर्च केला नाही असं नाही. १९२० च्या सुमारास इटलीहून जाणकार आणवून अजिंठ्याची भित्तिचित्रं दुरुस्त करवून घेतली, पुढे गुलाम याझदानींच्या देखरेखीखाली त्यांचे देखणे खंड निघाले. पण तो पैसा दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रांसाठी होता. चालू शिवाराकडे पाहायला कुणाला फुरसत नव्हती. भैंशापासून चाळीसेक किलोमीटरवर निर्मल आहे. तिथले नक्काश कारागीर पिढ्यान् पिढ्या लाकडावर रंगकाम करत आले. काळ्याभोर पृष्ठभागावर सोनेरी झळाळीची त्यांची चित्रं हैदराबादच्या दिवाणखान्यांत मानाने लागली. त्यांत वेली आहेत, पक्षी आहेत, घागर घेतलेल्या बायकाही आहेत. पण त्या चित्रांत ऊन कुठल्या बाजूने आलं हे विचारायचं नसतं. ती नक्षीची परंपरा आहे आणि नक्षीला घड्याळ नसतं. म्हणजे एका हाताला मुंबईची निसर्गचित्रं, दुसऱ्या हाताला निर्मलची झळाळी, आणि मधला आखाडा दोन्हींच्या नजरेतून सुटला.

शेतातल्या घराचं जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र बहुधा जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’, म्हणजे गवताची गाडी. १८२१ साली ते लंडनच्या रॉयल अकादमीत लागलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘निसर्गदृश्य: दुपार’. सव्वाचार फूट उंच आणि सहा फुटांहून थोडं जास्त रुंद. डावीकडे विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं घर, धुराड्यातून धूर, पाण्याशी वाकलेली बाई, काठावर कुत्रा, ओढ्याच्या मधोमध उभी असलेली रिकामी गाडी, आणि पार मागे उजव्या हाताला कुरणात गवत कापणारी माणसं, इतकी बारीक की ठिपके वाटावीत. सफक परगण्यातला हा परिसर चित्रकाराच्या घरचा. वडिलांची गिरणी तिथेच होती. विली लॉटबद्दल असं सांगतात की ऐंशी वर्षांच्या आयुष्यात तो घराबाहेर जेमतेम चार रात्री झोपला. अशी माणसं भैंशाकडेही कमी नाहीत, फक्त त्यांची नोंद कुणी ठेवलेली नाही.

शहरातला पाहणारा या चित्रात शांतता पाहतो आणि ओढ्याच्या मध्यात गाडी का थांबली हे त्याला सुचत नाही. तो म्हणतो, सुंदर रचना. हेच चित्र बैलगाडी हाकलेल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्यापुढे ठेवावं. उन्हाळ्यात लाकूड आटतं, चाकावरची लोखंडी धाव ढिली होते, वाटेत निसटायची भीती असते. मग गाडी ओढ्यात घालून उभी करायची, चाकं पाणी पितात, फुगतात आणि धाव पुन्हा गच्च बसते. कॉन्स्टेबलच्या गाडीबद्दल जाणकार जी कारणं देतात त्यांत हेच प्रमुख आहे. शिवाय घोड्यांचे तापलेले पायही निवतात. लाकडी चाकाशी आयुष्य काढलेल्या माणसाला ते शिकावं लागत नाही. चित्राचं रसग्रहण म्हणतात ते कधी कधी असं धावेपासून सुरू होतं.

कॉन्स्टेबल याबाबतीत काटेकोर होता. चित्र लंडनमध्ये रंगवताना गाडीचे तपशील अडले, तेव्हा त्याने गावाकडच्या तरुण मित्राकडून खऱ्या गाडीची रेखाटनं करवून मागवून घेतली. त्याच सुमारास तो लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या माळावर बसून नुसत्या ढगांचे अभ्यास करत होता आणि कागदाच्या पाठीवर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवत होता. मृगाच्या तोंडावर आभाळाकडे पाहणारा शेतकरी डोळ्यांनी हेच टिपतो. चित्र लंडनमध्ये विकलं गेलं नाही. १८२४ साली पॅरिसला लागलं तेव्हा फ्रेंच चित्रकार त्याच्यापुढे थबकले आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

पण चित्राचं कौतुक करताना त्यात काय नाही तेही पाहावं. नेपोलियनशी झालेली युद्धं संपल्यावर इंग्लंडमध्ये धान्याचे भाव कोसळले होते, मजुरांना काम नव्हतं. १८२२ साली त्याच सफक परगण्यात मजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंजी पेटवल्या. त्याची झळ चित्राला लागलेली नाही. राबणारी माणसं ठिपक्यांएवढी लांब ठेवली की शेत नेहमीच शांत दिसतं. हा चित्राचा दोष म्हणावा का? म्हणावा. कॉन्स्टेबलला झाडाच्या पानापानावरचा ओलावा दिसला, कापणी करणाऱ्याचा चेहरा दिसला नाही, किंवा दिसूनही त्याने तो रंगवला नाही. त्यामुळे चित्र लहान ठरत नाही, पण त्याच्यापुढे उभं राहताना हे माहीत असलेलं बरं.

याचा उतारा मराठीतच सापडतो, आणि तोही एका चित्रकाराकडे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराच्या खोट्या कागदापायी जमीन गमावून शहराच्या गिरणीत जाणाऱ्या शेतकऱ्याची ही गोष्ट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. बाबूराव मूळचे रंगांत हात बुडवलेले, पडदे रंगवणारे. त्यांनी या चित्रपटात शेतकऱ्याची झोपडी दाखवली ती अंधुक उजेडात, जवळजवळ काळोखात, आणि तिच्याशी एक कुत्रा तोंड वर करून रडतो आहे.  जे. बी. एच. वाडियांसारख्या चित्रपटकर्त्याच्या आठवणीत पुढे कित्येक वर्षं राहिली ती हीच चौकट. लाल कौलं नाहीत, नदी नाही, सूर्य नाही. घर मात्र खरं. मराठीतलं शेतघराचं सगळ्यांत प्रभावी चित्र रंगांत नसून काळ्या-पांढऱ्या फिल्मवर होतं असं म्हटलं, तर निसर्गचित्रकारांनी रागवू नये.

उजेडाचा मुद्दा आणखी थोडा ताणायला हवा, कारण इथेच आपली बरीच चित्रं फसतात. इंग्लंडमधून आलेल्या शिकवणीबरोबर तिकडचं ऊनही आलं. सफक परगणा ५२ अंश उत्तरेला. तिथे भर उन्हाळ्यातल्या दुपारीही सूर्य जेवढा चढतो तेवढा भैंशाला फेब्रुवारीच्या शेवटच्या दुपारी चढतो. कॉन्स्टेबलच्या दुपारीत झाडाला सावली आहे, भिंतीला उजेडाची एक आणि अंधाराची एक अशी बाजू आहे. भैंसा १९ अंशांवर. मेच्या मध्यावर तिथे सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडातच नाहीशी होते. आखाड्याच्या चारही भिंती तेव्हा सारख्याच काळवंडतात आणि वरचा पत्रा डोळ्यांत सुई टोचावी तसा तळपतो. अशा दुपारीत निळ्या मऊ सावल्या घालून घर रंगवलेलं दिसलं, तर ते घर भैंशाचं असेलही, ऊन मात्र पुस्तकातलं आहे.

मग पाहणाऱ्याने चित्रापुढे उभं राहून काय करावं? आधी डोळे किलकिले करावेत. तपशील पुसट होतात आणि फिक्या-गडदाचे चार-पाच मोठे तुकडे उरतात. ते तुकडे एकमेकांना धरून असतील तर चित्र उभं आहे. नसतील तर कितीही पानं रंगवली तरी ते आडवं पडणार. मग वेळ विचारावी: सकाळ की संध्याकाळ, पौष की चैत्र? चांगलं चित्र याचं उत्तर देतं. मग पाऊलवाट पाहावी. नवख्या चित्रात वाट थेट दारात येते, जशी कॅलेंडरात येते. खऱ्या आखाड्याची वाट आधी विहिरीकडे जाते, मग गोठ्याला वळसा घालते आणि दाराशी पोचते ती सहज, उरलंसुरलं काम म्हणून, कारण दिवसातून दहा वेळा पाय विहिरीकडे जातात आणि घरात दोनदाच. त्यानंतर दाराकडे यावं. उघडं आहे की कडी लावलेली? भिंतीला ओल कुठून चढली आहे? लिंबाच्या खोडाची साल एका बाजूला घासून गुळगुळीत झाली आहे का? तिथे बैल अंग घासतो. हे दाखवणारा चित्रकार दुर्मीळ असतो, आणि दाखवलेलं ओळखणारा पाहणारा शेतात वाढलेला असतो. कलादालनात मात्र हाच माणूस सगळ्यांत मागे उभा राहतो, ‘आपल्याला यातलं काय कळतं’ म्हणत. त्याला पुढे बोलवायला हवं.

जलरंगातल्या आखाड्याला एक वेगळीच अडचण आहे: पांढरा. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतो, असतो तो कागद. जिथे पांढरं हवं तिथे कुंचला न्यायचाच नाही, आणि एकदा रंग लागला की माघार नाही. हळदणकरांचा हात गाजला तो या संयमासाठी. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं त्यांचं समईच्या उजेडातल्या मुलीचं चित्र तेलरंगातलं असेल असं अनेकांना वाटतं. ते जलरंगात आहे. आता हाच संयम फुटलेल्या कपाशीच्या रानाला लावून पाहा. हजारो पांढरे ठिपके, प्रत्येकाच्या भोवती वाळकं तपकिरी बोंड, खाली तांबूस पडलेली पानं, त्याखाली राखाडी माती. ठिपके रंगवता येत नाहीत, ते सोडावे लागतात आणि त्यांच्याभोवतीचं सगळं जग रंगवावं लागतं. चिनी पांढऱ्या रंगाचे थेंब वरून मारून मोकळं होता येतं. बरेच जण होतात, पण मग कापूस न दिसता चुना शिंपडल्यासारखं दिसतं. मागे आखाड्याचा पत्राही कोराच सोडायचा. एकाच कागदात दोन पांढरे, एक मऊ आणि एक धारदार, आणि दोन्ही म्हणजे न लावलेला रंग. ज्याला हे साधलं त्याचं चित्र विकत घ्यावं.

सगळ्यांनी जलरंगाच्याच वाटेने जायला हवं असं मात्र नाही. विन्सेंट व्हॅन गॉगने १८८५ मध्ये हॉलंडच्या न्यूनेन गावात शेतमजुरांच्या गवती छपरांची घरं रंगवली, जवळजवळ मातीच्याच रंगात. त्याच वर्षी त्याने पक्ष्यांची घरटीही रंगवली, आणि माणसांच्या या झोपड्या त्याला घरट्यांसारख्याच वाटत. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लटकणारे सुगरणीचे खोपे ज्यांनी पाहिलेत त्यांना ही तुलना समजावून सांगायला नको. स्पेनच्या जोआन मिरोने नेमकं उलट केलं. १९२१-२२ मध्ये माँटरोइगचं आपलं शेतघर रंगवताना त्याने उजेड, वातावरण सगळं बाजूला ठेवलं आणि पंचनामा करावा तशी एकेक वस्तू मांडली: गोगलगाय, झारी, कोंबड्या, भिंतीची प्रत्येक भेग. नऊ महिने लागले. चित्र पॅरिसला पुरं करताना गावाकडचं वाळकं गवत त्याने सोबत नेलं होतं. ते चित्र लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेने घेतलं. आता ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

आणि डहाणूकडच्या वारल्यांनी तर पाहण्याची जागाच बदलली. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्या घराला समोरची बाजू आणि मागची बाजू असा भेद नाही. भिंत आरपार दिसते, आत चूल पेटलेली, बाहेर खळं, खळ्यात मळणी, सगळं एकाच वेळी. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत घर आणि शेत यांच्यामध्ये चौकट नाही, कारण चित्रकार लांब उभा राहून पाहतच नाही. तो आतच असतो. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. लांबून पाहिलेलं घर आणि आतून पाहिलेलं घर या दोन वेगळ्या चित्रकला आहेत, आणि भैंशाच्या आखाड्याला अजून दोन्ही मिळालेल्या नाहीत.

त्यातच आखाडा बदलतो आहे. तुराटीचा कूड जाऊन सिमेंटच्या विटा येताहेत, कडब्याच्या गंजीच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते. याचा शोक करण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात गळक्या छपराखाली ज्याला झोपावं लागतं त्याला स्लॅब हवाच असतो. चित्रकाराने निळ्या ताडपत्रीलाही नाक मुरडू नये. राखाडी शिवारात त्या निळ्याचा तुकडा जो उठून दिसतो तो कुठल्याही कौलाला लाजवील.

ज्यांना हे स्वतः करून पाहायचं आहे त्यांनी दिवाळीनंतर भैंशाहून कुबीरच्या रस्त्याला लागावं. सकाळी सात ते साडेनऊ एवढाच वेळ हातात असतो. नंतर सावल्या आखडतात. बसण्याआधी आखाड्यावरच्या माणसाला विचारावं, चहा नाकारू नये, आणि रेखाटन झालं की आधी त्यालाच दाखवावं. दोर कुठे चुकला ते तो सांगेल. वेचणीचा दिवस असेल तर कपाशीपासून सुरुवात करावी, घराला घाई नाही. बायका ओट्या बांधून ओळींत शिरल्या की पांढरं एका कडेने विझत जातं. सकाळी जे रानभर असतं ते सांजेला गाठोड्यांत बांधून आखाड्याच्या आत गेलेलं असतं.